सह्याद्रीत माउंटन बाइक चालवणाऱ्यांसाठी पूरक आहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा बोपदेव घाटाच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर रविवारी सकाळी नवे सायकलस्वार भेटतात, तेव्हा टायरमधल्या हवेनंतरचा दुसरा प्रश्न बहुधा सप्लिमेंटचा असतो. खालील उत्तरे मी अनेक वर्षांच्या स्वतःच्या सायकलिंगमधून, खेळाडूंच्या आहारावरील प्रसिद्ध संशोधनातून आणि गटातील सहकाऱ्यांच्या अनुभवांतून लिहिली आहेत. ती निरोगी प्रौढांसाठी आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी यातील कोणतीही गोष्ट आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

सुरुवात कोणत्या सप्लिमेंटपासून करावी?

सुरुवात सप्लिमेंटपासून करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी तीन गोष्टी तपासाव्यात: सायकलवर असताना आपण ताशी किती खातो, दिवसभराच्या जेवणात प्रथिने किती असतात आणि गेल्या वर्षभरात रक्ताची तपासणी केली आहे का. ज्यांची सकाळची फेरी एका चहावर आणि दोन बिस्किटांवर चालते, त्यांना कोणत्याही डब्यातील पावडरपेक्षा दोन केळी अधिक फरक दाखवतील.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञांच्या निवेदनात, कामगिरी थेट सुधारण्याचा चांगला पुरावा असलेले मोजकेच पदार्थ सांगितले आहेत: कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अलानिन आणि खाण्याचा सोडा. बाजारात शेकडो डबे दिसतात आणि ही यादी पाच नावांवर संपते. त्या पाचांपैकीही सगळे आपल्या खेळाला सारखेच उपयोगी नाहीत.

दोन तासांनंतर माझ्या पायांतील ताकद अचानक संपते, डोके हलके होते आणि साधी दगडांची वाटही जमत नाही. मला कोणते जीवनसत्त्व कमी पडत असावे?

बहुतेक वेळा जीवनसत्त्व कमी पडलेले नसते, तर साखर संपलेली असते. सायकलस्वार ज्याला ‘बाँक होणे’ म्हणतात ते हेच. स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर प्रौढ माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते आणि जोराने चढ चढताना ती दीड-दोन तासांत बरीचशी वापरली जाते. चरबी कितीही शिल्लक असली तरी तिच्यापासून ऊर्जा मिळण्याचा वेग तीव्र चढाला पुरत नाही. शिवाय मेंदूलाही हीच साखर लागते. म्हणूनच पाय थकण्याबरोबर नजर, तोल आणि निर्णय बिघडतात, आणि डोंगरातल्या उतारावर ही गोष्ट हाड मोडण्यापर्यंत जाऊ शकते. रस्त्यावरच्या सायकलस्वाराची गती कमी होते, आपण मात्र पडतो. हा फरक लक्षात घेतला की खाण्याकडे सुरक्षिततेचा भाग म्हणून पाहावेसे वाटते.

एक तासापर्यंतच्या फेरीत, आधी नीट खाल्ले असेल तर, पाणी पुरते. त्यापुढे अडीच तासांपर्यंत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. अडीच तासांहून मोठ्या आणि कष्टाच्या फेरीत हे प्रमाण ताशी ९० ग्रॅमपर्यंत नेता येते, पण तेव्हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असावे लागतात, कारण आतड्यातून त्यांचे शोषण वेगवेगळ्या मार्गांनी होते आणि एकट्या ग्लुकोजचा मार्ग ताशी सुमारे ६० ग्रॅमला भरून जातो. त्याहून अधिक ग्लुकोज घेतले तर ते आतड्यातच राहते आणि पोट बिघडते. घरातली साखर ही निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते, त्यामुळे या हिशेबात ती कोणत्याही महागड्या मिश्रणाच्या जवळ जाते.

पोटालाही सराव लागतो. आजवर ताशी २० ग्रॅम खाणाऱ्याने शर्यतीच्या दिवशी एकदम ८० ग्रॅम खाल्ले तर त्याला उलटी होण्याचीच शक्यता अधिक. पाच-सहा आठवड्यांत, दर लांब फेरीला थोडे वाढवत, हे प्रमाण गाठावे.

मग एनर्जी जेल विकत घ्यावे का? चिक्की आणि खजूर चालतील का?

चालतील, आणि सरावाच्या फेऱ्यांना मी तेच वापरतो. जळगावच्या एका मोठ्या केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि पाच साधे खजूर ३० ग्रॅमच्या आसपास जातात. शेंगदाण्याच्या चिक्कीत गूळ असतो, पण शेंगदाण्याचे तेलही असते. ती पचायला वेळ लागत असल्याने चढाच्या आधी न खाता लांब आणि संथ फेरीत खाणे बरे. राजगिऱ्याची चिक्की किंवा लाडू त्या मानाने हलके पडतात. उपवासाच्या दिवशी सायकल चालवणाऱ्यांना राजगिरा, केळे आणि खजूर यांवर तीन तासांची फेरी व्यवस्थित करता येते. निर्जळी उपवासात मात्र घाट चढू नये.

जेल म्हणजे लहान पाकिटातले घट्ट, गोड द्रव. त्याचे खरे मोल त्यातील साखरेत नसून सोयीत आहे. तोंड सुकलेले असताना, नाडी १७० वर असताना आणि एक हात जेमतेम तीन सेकंद मोकळा मिळत असताना चिक्की चावता येत नाही. ज्या शर्यतीत किंवा वाटेवर हे घडणार असेल तिथे जेल घ्यावे, आणि प्रत्येक जेलबरोबर पाण्याचे तीन-चार घोट घ्यावेत. एका जेलमध्ये बहुधा २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे तासाभरात एक जेल खाऊन आपण पुरेसे खाल्ले असे समजू नये. कागद जंगलात टाकू नये, हे इथे लिहावे लागते याचे वाईट वाटते, पण लिहितो.

खाण्याची जागाही ठरवून ठेवावी. उतारावर दोन्ही हात हँडलवर आणि बोटे ब्रेकवर असतात. तिथे खाणे-पिणे होत नाही आणि एकदा राहिले की तासभर राहते. चढ सुरू होण्यापूर्वीच्या सपाट वाटेवर, घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी, थोडे थोडे खावे.

इलेक्ट्रोलाइट पावडर आणि औषधाच्या दुकानातील ओआरएस यांत काय फरक आहे? दोन्हींपैकी काय घ्यावे?

घामात सर्वाधिक जाणारा क्षार म्हणजे सोडियम, अर्थात मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. हे सूत्र जुलाबासाठी बनवलेले आहे. त्यात सोडियम भरपूर आहे आणि साखर इतकी कमी आहे की चार तासांच्या फेरीचे इंधन म्हणून ते पुरत नाही. मे महिन्यात कोकणातून घाट चढून आल्यावर, कपड्यांवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असताना, ओआरएसचे एक पाकीट उपयोगी पडते. दर फेरीला ते घेण्याची गरज नाही. तसेच नुसते ‘ओआरएस’ हे अक्षर पाहून गोड पेय उचलू नये. हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. त्यामागे गोड पेयांची हीच दिशाभूल होती.

इलेक्ट्रोलाइटच्या विरघळणाऱ्या गोळ्यांत क्षार असतात, पण बहुधा ऊर्जा जवळजवळ नसते. स्पोर्ट्स ड्रिंकच्या पावडरमध्ये दोन्ही असतात. घरी करायचे तर ७५० मिलीलिटरच्या बाटलीत ४५ ग्रॅम साखर, एक ग्रॅम मीठ म्हणजे सपाट पाव चमच्याहून थोडे कमी, आणि एका लिंबाचा रस घालावा. हे साधारण सहा टक्क्यांचे द्रावण होते, ते पोटातून लवकर पुढे सरकते आणि त्यात लिटरला सुमारे ५०० मिलिग्रॅम सोडियम येते. लिंबाऐवजी कोकमाचा आगळ घातला तर आगळात आधीच मीठ असते, म्हणून वरून मीठ घालण्यापूर्वी चव पाहावी.

किती प्यावे, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते आणि ते वजनकाट्यावर मिळते. फेरीच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. कमी झालेल्या वजनात प्यायलेले पाणी मिळवले की घामाचा अंदाज येतो. ६५ किलोच्या माणसाचे वजन १.३ किलोहून अधिक घटले, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त, तर पिणे कमी पडले. फेरीनंतर वजन वाढलेले असेल तर पाणी जास्त झाले आणि ते अधिक धोक्याचे आहे, कारण रक्तातील सोडियम पातळ होऊन गोंधळलेपणा, झटके आणि मृत्यूही येऊ शकतो.

पावसाळ्यातली एक सूचना. सह्याद्रीच्या वाटांवर गुरे असतात, चिखलात शेण असते आणि तो चिखल पुढच्या चाकावरून थेट बाटलीच्या तोंडावर उडतो. तोंडाला झाकण असलेली बाटली किंवा पाठीवरची पाण्याची पिशवी वापरावी. एका जुलैत ही काळजी न घेतल्यामुळे आमच्या गटातील तिघेजण आठवडाभर आजारी होते.

पोटरीत आणि मांडीत गोळे येतात. मॅग्नेशियम घ्यावे का?

व्यायामात येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा उपयोग होतो याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि जास्त मात्रेने जुलाब होतात. गोळे येण्याचे मोठे कारण सरावापेक्षा अधिक जोर लावून थकलेला स्नायू हे दिसते. काहींच्या बाबतीत भरपूर घाम आणि मीठ यांचाही वाटा असतो. स्नायू ताणणे, गती कमी करणे आणि पुढच्या महिन्यांत चढाचा सराव वाढवणे हा खरा उपाय आहे. लोणच्याच्या आंबट-खारट पाण्याचा घोट घेतल्यास गोळा लवकर सुटतो, असे प्रयोगात दिसले आहे. क्षार रक्तात पोहोचण्याआधीच हे घडते, त्यामुळे तोंडातील मज्जातंतूंना मिळालेल्या तीव्र चवीचा तो परिणाम मानला जातो.

कॅफीनचा खरोखर उपयोग होतो का? चहा पुरतो का?

सर्वाधिक पुरावा असलेला आणि सर्वांत स्वस्त पदार्थ हाच आहे. वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम कॅफीन, सुरू करण्याच्या सुमारे तासभर आधी घेतले तर थकवा कमी जाणवतो आणि तोच जोर जास्त वेळ टिकतो. ६५ किलोच्या व्यक्तीसाठी हे जवळपास २०० मिलिग्रॅम होते. इन्स्टंट कॉफीच्या कपात साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम आणि चहाच्या कपात ३० ते ५० मिलिग्रॅम असते, म्हणजे एका कटिंगने हे प्रमाण गाठले जात नाही. दर किलोला ६ मिलिग्रॅमच्या पुढे फायदा वाढत नाही, हात थरथरणे आणि छातीत धडधडणे मात्र वाढते. खडकाळ उतारावर थरथरणारा हात कोणालाही परवडत नाही, म्हणून मी स्वतः दर किलोला २ मिलिग्रॅमवरच थांबतो.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ पासून कॅफीनला बंदीच्या यादीतून वगळले आहे. संध्याकाळच्या फेरीआधी ते टाळावे, कारण शरीरातून निम्मे कॅफीन जायला पाच-सहा तास लागतात आणि बिघडलेली झोप भरून काढणारा डबा कुठेही मिळत नाही. व्यायामाआधी घ्यायच्या ‘प्री-वर्कआउट’ नावाच्या मिश्रणांपासून दूर राहावे. त्यात कॅफीनबरोबर आणखी काय मिसळले आहे हे अनेकदा नीट लिहिलेले नसते.

बीटाचा रस प्यावा का?

पिऊन पाहण्यासारखा आहे. बीटातील नायट्रेटचे तोंडातील जिवाणू नायट्राइट करतात, पुढे शरीरात त्याचे नायट्रिक ऑक्साइड होते आणि तेच काम थोड्या कमी ऑक्सिजनमध्ये होऊ लागते. त्यासाठी सुमारे ३०० ते ६०० मिलिग्रॅम नायट्रेट, दोन-तीन तास आधी, पोटात जावे लागते. घरच्या रसात प्रमाण जमिनीनुसार आणि पिकानुसार बदलते, म्हणून साधारण अर्धा लिटर रस लागतो असे धरावे. त्या दिवशी जिवाणूनाशक माउथवॉशने चूळ भरली तर जिवाणूच मरतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. हौशी सायकलस्वारांत फायदा दिसतो, उच्च दर्जाच्या खेळाडूंत तो कमी होतो. लघवी लालसर झाली तर घाबरू नये. मूतखडा झालेल्यांनी मात्र बीटातील ऑक्सॅलेटमुळे तो टाळावा.

क्रिएटिन हे व्यायामशाळेत जाणाऱ्यांसाठी असते ना?

माउंटन बाइकिंगमध्येही त्याला जागा आहे, कारण आपला खेळ एकसारख्या गतीचा नाही. उभा खडक चढताना दहा सेकंदांचा पूर्ण जोर, मग थोडी उसंत, मग पुन्हा जोर, असे एका फेरीत शंभरदा घडते, आणि अशा झटक्यांसाठी क्रिएटिन उपयोगी ठरते. रोज ३ ते ५ ग्रॅम साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतल्यास तीन-चार आठवड्यांत स्नायूंतील साठा भरतो. मांसाहारातून क्रिएटिन मिळते आणि शाकाहारी लोकांचा मूळ साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक अधिक जाणवण्याची शक्यता असते.

यात तोटा वजनाचा आहे. स्नायूंत पाणी धरले जाऊन एक-दोन किलो वजन वाढू शकते आणि ते सिंहगडाच्या पायथ्यापासून वरपर्यंत ओढावे लागते. लांब चढांच्या शर्यती करणाऱ्याने ते घेऊ नये आणि उताराच्या, उड्यांच्या, लहान फेऱ्यांच्या प्रकारात रमणाऱ्याने खुशाल घ्यावे, असे मी सुचवतो. रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा, आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगावे.

बीटा-अलानिन आणि खाण्याचा सोडा?

दोन्ही पदार्थ तीव्र जोरात स्नायूंत साचणारी आम्लता सहन करायला मदत करतात आणि साधारण अर्ध्या मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंतच्या पूर्ण जोरासाठी आहेत. बीटा-अलानिन रोज ३ ते ६ ग्रॅम, विभागून, कित्येक आठवडे घ्यावे लागते आणि चेहऱ्याला व हातांना मुंग्या येतात. सोड्याने पोट इतके बिघडू शकते की आदळत-आपटत चालणाऱ्या सायकलवर मी तो कोणालाही सुचवत नाही.

प्रोटीन पावडर घ्यावी का?

प्रथिनांची गरज खरी आहे, पावडरची गरज मात्र प्रत्येकाची वेगळी असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सर्वसाधारण प्रौढासाठी दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. आठवड्याला सात-आठ तास सायकल चालवणाऱ्याला १.४ ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून थोडी अधिक लागतात. ६५ किलोला हे दिवसाला सुमारे ९० ग्रॅम होते. मराठी शाकाहारी घरात एक वाटी आमटी, दोन पोळ्या, भात-भाजी आणि थोडे ताक एवढ्यावर दिवस गेला तर पन्नास ग्रॅमच्या आसपासच पोहोचता येते. आमटी पातळ असते आणि डाळीचा भास जास्त होतो, हे आपण मान्य करायला हवे.

उरलेले चाळीस ग्रॅम कसे आणायचे? शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत सुमारे २५ ग्रॅम, मूठभर फुटाण्यांत ६-७ ग्रॅम आणि अर्धा लिटर दुधात १६ ग्रॅम प्रथिने असतात. ज्यांना हे शक्य आहे त्यांना डब्याची गरज नाही. ज्यांची पहाटे फेरी, साडेनऊला ऑफिस आणि मध्ये स्वयंपाकाला वेळ नाही, त्यांनी फेरीनंतर २० ते २५ ग्रॅम प्रथिने देणारी व्हे पावडर, म्हणजे दुधाच्या निवळीतील प्रथिनांची पावडर, घेतली तर त्यात काही गैर नाही. दूध न पचणाऱ्यांना व्हे आयसोलेट सोसते, कारण त्यात दुधातली साखर नाममात्र असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्ला दिला आहे. सर्वसामान्य लोकांसाठी तो योग्यच आहे, पण अन्नातून गरज भागत नसलेल्या खेळाडूने तो जसाच्या तसा लागू करावा असे मला वाटत नाही.

२०२४ मध्येच केरळमधील डॉक्टरांच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध केली, त्यात जवळपास ७० टक्के उत्पादनांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. प्रथिनांची साधी चाचणी नायट्रोजन मोजून होते, त्यामुळे ग्लायसीन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळून आकडा फुगवता येतो. घटकांच्या यादीत ही नावे वेगळी लिहिलेली दिसली तर तो डबा ठेवून द्यावा.

मी शाकाहारी आहे. मला काय वेगळे लागेल?

बी१२, आणि यात मी कोणतीही सूट देत नाही. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या दीर्घ संशोधनाने आपल्याकडे ही कमतरता किती पसरलेली आहे हे दाखवून दिले आहे. कमतरतेत थकवा, धाप आणि हातापायांना बधिरपणा येतो. सायकलस्वारांची इथेच फसगत होते, कारण हँडलवर दाब पडूनही करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. बधिरपणा फक्त त्या दोन बोटांत आणि फेरीच्या वेळीच असेल तर ग्रिप, हातमोजे आणि हँडलची उंची पाहावी. तो दोन्ही पायांतही असेल, फेरी नसतानाही टिकत असेल, तर बी१२ तपासावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता अधिक आढळते.

‘ड’ जीवनसत्त्वही तपासावे. उन्हात फिरतो म्हणून ते भरपूर असेल असे समजू नये. पहाटेचे ऊन, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सावळी त्वचा यांमुळे ते कमी पडते. साठ हजार युनिटची पाकिटे दर आठवड्याला, महिनोन्‌महिने, कोणाच्या तरी सांगण्यावरून घेणारे लोक मला भेटतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठते आणि अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. किती आठवडे घ्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवावे.

चढावर पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो. लोहाच्या गोळ्या सुरू करू का?

आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला, त्यामुळे सायकल चालवणाऱ्या स्त्रियांनी ही तपासणी दरवर्षी करावी. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, खाली गेलेला असू शकतो आणि चढावर तो जाणवतो.

तपासणीशिवाय गोळी नको, याचे कारण केवळ सावधपणा नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असलेल्यांचे हिमोग्लोबिन जन्मापासून थोडे कमी असते आणि लोह कमी नसतानाही ते लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयासारखे दिसते. अशांनी वर्षानुवर्षे लोह घेतले तर ते अवयवांत साचते. कमतरता सिद्ध झाल्यावर गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे-मागे तासभर चहा-कॉफी टाळावी. एक दिवसाआड घेतल्यास शोषण चांगले होते आणि पोटाचा त्रास कमी होतो, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. आपल्याला रोज की दिवसाआड, हे डॉक्टरांना विचारावे.

मासिक पाळी अनियमित झाली किंवा थांबली असेल तर ती ‘चांगल्या फिटनेसची’ खूण समजू नये. खर्चाच्या मानाने खाणे कमी पडत असल्याचा तो इशारा आहे. हाडेही त्याच काळात कमजोर होतात.

बीसीएए, ग्लुटामिन, मल्टिव्हिटॅमिन, मोठ्या मात्रेतील ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे?

बीसीएए म्हणजे प्रथिनांतच असणारी तीन अमिनो आम्ले. पुरेशी प्रथिने घेणाऱ्याला त्यांची वेगळी गरज नाही. ग्लुटामिन या दुसऱ्या अमिनो आम्लावरही पैसे घालवू नयेत. आहार चौरस असेल तर मल्टिव्हिटॅमिनने कामगिरी वाढत नाही. ‘क’ आणि ‘ई’ रोज मोठ्या मात्रेत घेतल्यास सरावातून शरीरात होणारे काही चांगले बदल मंदावतात, असे अभ्यासांत आढळले आहे. पेरू, आवळा आणि संत्री यांना ही भीती नाही.

अश्वगंधा आणि शिलाजित तर आपल्याकडचेच आहेत. ते तरी सुरक्षित आहेत ना?

जुने किंवा आपले असल्याने एखादी गोष्ट आपोआप सुरक्षित ठरत नाही. अश्वगंधाबाबत दमसास वाढल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, इंटरनेटवरून घेतलेल्या सुमारे एक-पंचमांश आयुर्वेदिक उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. शिलाजित खडकांतून येते, त्यामुळे जड धातूंचा अहवाल पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. वैद्यांनी तपासून दिलेले औषध आणि जाहिरातीवरून मागवलेली डबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डबा खरा आहे हे कसे ओळखावे?

चौदा अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, आयातदाराचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत या गोष्टी असायलाच हव्यात, पण त्या असल्या म्हणजे आतला माल तपासला गेला असे होत नाही. परवाना व्यवसायाचा असतो, प्रत्येक बॅचची शुद्धता तो सांगत नाही. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ हे शिक्के स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी झाल्याचे सांगतात. बॅच क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः शोधावा. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असे लिहून घटकांचे वेगवेगळे प्रमाण लपवलेले असेल तर तो डबा घेऊ नये. मी एकदा निम्म्या किमतीत मिळाला म्हणून एका दुकानातून व्हेचा डबा घेतला होता. त्याचे सील नीट होते, पण पावडर पाण्यात विरघळेना आणि चव पिठासारखी होती. तो फेकून दिला आणि तेव्हापासून सवलतीसाठी अनोळखी ठिकाणाहून खाण्याची वस्तू घेतलेली नाही.

मी राज्य पातळीवर शर्यत करतो. उत्तेजक चाचणीचा मला धोका आहे का?

आहे. नियमानुसार शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची असते. ते दूषित पावडरमधून आले हे सिद्ध केले तर शिक्षा कमी होऊ शकते, पण पदक बहुधा वाचत नाही. डीएमएए हे बंदी असलेले उत्तेजक द्रव्य अशाच प्री-वर्कआउट पावडरींतून अनेक खेळाडूंच्या नमुन्यांत गेले. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनवरही शर्यतीच्या काळात मर्यादा आहे. प्रत्येक डब्याचे छायाचित्र, बिल आणि थोडी पावडर जपून ठेवावी.

लडाखला सायकल घेऊन जायचे आहे. उंचीसाठी काही घ्यावे का?

दीड-दोन महिने आधी फेरिटिन तपासावे, कारण उंचीवर नवे रक्त बनण्यासाठी लोह लागते. कमी असेल तर भरून काढायला एवढा वेळ लागतोच. खारदुंग ला सुमारे ५,३५० मीटर उंच आहे आणि विमानाने लेहला उतरून दुसऱ्या दिवशी तिकडे निघण्याची भरपाई कोणतेही सप्लिमेंट करत नाही. लेहमध्ये किमान दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी. उंचीवर भूक मरते, म्हणून ठरवून खावे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचे, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे औषध आहे. शर्यत करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारे, असल्याने ते बंदीच्या यादीत आहे.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि शर्यती करतो. त्याला काय द्यावे?

दूध, अंडी किंवा पनीर, डाळी, फळे, भरपूर जेवण आणि नऊ तास झोप द्यावी. कॅफीनच्या गोळ्या, क्रिएटिन आणि प्री-वर्कआउट देऊ नये. बी१२ किंवा लोह कमी निघाले तर बालरोगतज्ज्ञ सांगतील तेवढेच औषध द्यावे.

कोणत्या लक्षणांवर सप्लिमेंट न शोधता थेट डॉक्टरांकडे जावे?

चढताना छातीत दडपण येणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, विश्रांती घेऊनही नाडी अनियमित राहणे, कारण नसताना वजन घटणे, आणि दोन आठवडे आराम करूनही थकवा न जाणे, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. फार कष्टाच्या फेरीनंतर स्नायू प्रचंड दुखत असतील आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली असेल, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. अशा वेळी वेदनाशामक गोळी मुळीच घेऊ नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. भरपूर पाणी प्यायलेला सोबती बरळू लागला, ओकू लागला किंवा त्याचे डोके ठणकू लागले, तर त्याला आणखी पाणी पाजू नये, सायकलवर बसू देऊ नये आणि गाडीने लगेच खाली न्यावे.